बघ्यांच्या बाकावरची मुले

२०१८च्या फेब्रुवारी महिन्यात बडोद्यात एक्क्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा सयाजीराव महाराजांच्या या नगरीचे गोडवे गाताना वक्त्यांना शब्द अपुरे पडत होते. ते कौतुक अस्थानी नव्हते. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग या संस्थानाने १८९३ साली अमरेली तालुक्यात केला आणि १९०६मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थान त्या वेळी या बाबतीत कोसभर मागे होता. संमेलनाचा मांडव उतरून जेमतेम चार महिने झाले आणि २२ जून रोजी त्याच शहरातील एका शाळेच्या स्वच्छतागृहात नववीतला एक मुलगा रक्ताच्या थारोळ्यात मृत आढळला. अंगावर धारदार शस्त्राचे अनेक वार होते. या शाळेत तो नव्यानेच दाखल झाला होता. संशयावरून त्याच शाळेतील दहावीच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी वलसाडमध्ये ताब्यात घेतले. गृहपाठावरून शिक्षक रागावले, त्याचा डूख मनात धरून शाळा बंद पडावी या हेतूने त्याने हे केले, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले.

ही घटना आज पुन्हा आठवण्याचे कारण असे की, ती एकाकी राहिली नाही. १९ ऑगस्ट २०२५ रोजी अहमदाबादच्या खोखरा भागात दहावीतील एका विद्यार्थ्यावर त्याच शाळेतील खालच्या वर्गातल्या मुलाने शाळेबाहेर वार केला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी जमावाने शाळेत घुसून मोडतोड केली, प्रकरणाला जमातीय रंग चढला आणि चर्चा मुलांवरून केव्हाच निसटून मोठ्यांच्या नेहमीच्या भांडणांवर गेली. दोन्ही वेळा उपाय म्हणून ज्या मागण्या पुढे आल्या, त्या आपल्या ओळखीच्या आहेत. दप्तरे तपासा, कॅमेरे वाढवा, मुख्याध्यापकांवर कारवाई करा. दप्तर तपासायला हरकत नाही. पण दप्तरात चाकू येतो तेव्हा गोष्टीचा शेवट आलेला असतो. सुरुवात कुठल्या बाकावर, कुठल्या मधल्या सुटीत झाली, हे कॅमेऱ्याला दिसत नाही.

बडोद्याचे प्रकरण हे शब्दाच्या काटेकोर अर्थाने दादागिरीचे प्रकरण होते, असे म्हणणे घाईचे ठरेल. सूडाने पेटलेल्या एका मुलाची ती अमानुष कृती, एवढेच पोलिसांच्या सांगण्यावरून म्हणता येते. तरीही एक प्रश्न उरतोच. शेकडो मुलांच्या शाळेत एखाद्या मुलाच्या मनात इतके विष साठते, तेव्हा त्याच्या आसपास बसणाऱ्या चाळीस-पन्नास मुलांपैकी कुणालाच त्याचा वास येत नाही का? आणि आला, तर ती मुले कुणाकडे जातात?

‘बुलिंग’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. चिडवाचिडवी, खोडी, मस्करी, दादागिरी, छळ असे पाचसहा शब्द आपण प्रसंगानुसार वापरतो आणि त्यांतला सर्वांत सौम्य शब्द निवडण्याकडे शाळेचा व पालकांचा कल असतो. ‘मुलांची मस्करी’ म्हटले की चौकशीची गरज उरत नाही. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेउस यांनी या छळाची जी व्याख्या केली, ती म्हणूनच उपयोगी आहे. हेतुपुरस्सर दिलेला त्रास, वारंवार दिलेला त्रास आणि दोघांच्या ताकदीतील तफावत, या तीन खुणा जिथे एकत्र दिसतात तिथे ती मस्करी नव्हे. दोन तुल्यबळ मुले मैदानावर एकमेकांची गचांडी धरतात ते भांडण. पण रोज डबा उघडताच एकाच मुलाच्या डब्याला नाक मुरडणारी पाच मुले जमतात तो छळ. १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी अशा छळाला कंटाळून आत्महत्या केल्या आणि पुढच्याच वर्षी त्या देशाने शाळाशाळांतून राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. बर्गेन शहरातील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांमध्ये ओल्वेउस यांनी तिचा परिणाम मोजला, तेव्हा छळाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलेले दिसले. तिथल्या शिक्षकांनी मुलांना काही मोठे तत्त्वज्ञान शिकवले नव्हते. मधल्या सुटीत मोठी माणसे मैदानात हजर राहू लागली, वर्गाने स्वतःचे नियम ठरवले आणि तक्रार आली की तिचा त्याच दिवशी पाठपुरावा होऊ लागला.

आपल्याकडे या विषयावर बोलताना छळणारा आणि छळला जाणारा, अशी दोनच पात्रे रंगमंचावर असतात. एकाला शिक्षा आणि दुसऱ्याला धीर, की प्रकरण मिटले. वास्तविक तिसरे पात्र सर्वांत मोठे असते आणि ते म्हणजे बाकीचा वर्ग. कॅनडातील संशोधकांनी टोरांटोमधील प्राथमिक शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून २००१ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवावेत असे आहेत. छळाच्या ८८ टक्के प्रसंगी इतर मुले तिथे हजर होती. त्यांच्यापैकी कुणीतरी मध्ये पडले, असे प्रसंग केवळ १९ टक्के. आणि जेव्हा कुणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के वेळा, छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. शिक्षक धावत येईपर्यंतसुद्धा दहा सेकंदांहून अधिक वेळ लागतो.

या बघ्यांची गोष्ट बडोद्याला नवी नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी या शहरात आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हुसकावले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर टिपणांत हा प्रसंग आहे आणि त्यात काठीवाल्यांपेक्षा मला नेहमी जास्त अस्वस्थ करतात ते दोन मित्र. जमाव निघून गेल्यावर बाबासाहेब आधी एका हिंदू मित्राकडे गेले. मित्र सज्जन होता, झाल्या प्रकाराने त्याला खरोखर दुःख आणि संतापही झाला. पण तू घरी आलास तर माझे नोकर सोडून जातील, एवढे त्याने सुचवले. मग ते एका ख्रिस्ती मित्राकडे गेले. त्याने पत्नीला विचारून सांगतो म्हटले आणि पत्नी परगावी होती. कुणीही अपशब्द काढला नाही, कुणीही हात उगारला नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला तो तरुण संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत कमाटीबागेत बसून राहिला. ज्या राजाने अस्पृश्यांसाठी १८८०च्या दशकातच शाळा काढल्या, त्याच्याच राजधानीत हे घडले. हुकूम राजाच्या हातात होता. दार उघडणे मित्रांच्या हातात होते.

त्याच टिपणांत साताऱ्याच्या शाळेतील दिवसही आहेत. बसायला घरून आणलेले गोणपाट, ते शाळा सुटल्यावर पुन्हा घरी न्यायचे, आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडला तरच पाणी. इथे छळ करणारा एकटादुकटा दांडगट पोरगा नव्हता. शाळेची व्यवस्थाच छळत होती आणि वर्गातली इतर मुले पाहत होती. आपल्या शाळांतील छळाकडे पाश्चात्त्य पुस्तकांच्या चष्म्यातून पाहताना हा धागा सुटतो. तिकडे आडदांड आणि दुबळा असा भेद प्रामुख्याने दिसतो. आपल्याकडे कोण कुणाला चिडवणार हे पुष्कळदा जात, भाषा, रंग, वडिलांचा धंदा आणि घराचा पत्ता यांनी आधीच ठरवून ठेवलेले असते. मुले त्याचा शोध लावत नाहीत, घरून आणतात.

हे गोव्यातही तसेच आहे, हे मान्य करायला आपल्याला जड जाते. आमच्या वर्गात कर्नाटकातून आलेल्या एका कुटुंबाचा मुलगा होता. त्याच्या नावाने त्याला क्वचितच कुणी हाक मारली. ‘घाटी’ हेच त्याचे नाव झाले होते. त्याची पाटी लपवणे, त्याच्या कोकणी उच्चारांची नक्कल करणे हा रोजचा करमणुकीचा कार्यक्रम असे. मी पाटी कधी लपवली नाही. हसलो मात्र अनेकदा. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही आणि तो का दिसत नाही, असे आम्ही कुणीही विचारले नाही, गुरुजींनीही नाही. तो शब्द आजही गोव्याच्या शाळांच्या व्हरांड्यांतून ऐकू येतो आणि ‘भायले’ हा त्याचा जोडीदार मोठ्यांच्या तोंडी असतो. किनारपट्टीच्या आणि शहरांलगतच्या अनेक सरकारी मराठी प्राथमिक शाळांचे वर्ग आज परप्रांतांतून आलेल्या श्रमिकांच्या मुलांमुळे भरतात. ज्या मराठी शाळा टिकाव्यात म्हणून आपण सभा घेतो, त्या टिकवणारी मुलेच ही. आणि त्यांना मधल्या सुटीत काय ऐकावे लागते याची चौकशी त्या सभांच्या विषयपत्रिकेवर नसते.

कायद्याचे कवच कितपत आहे? शिक्षण हक्क कायद्याचे १७वे कलम मुलाला शारीरिक शिक्षा वा मानसिक त्रास देण्यास मनाई करते. पण उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई करावी, असे पुढे म्हणते. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांसमोर आहे तो शिक्षक. गोव्याने तर त्याच्याही आधी, २००३च्या बाल कायद्याने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली, ही अभिमानाची बाब. २००८मध्ये गोव्यात रॅगिंगविरोधी कायदाही आला, मात्र रॅगिंग म्हटले की आपल्यासमोर उभी राहतात ती महाविद्यालये आणि वसतिगृहे. दुसऱ्या टोकाला बाल न्याय कायदा आहे. तो लागू होईपर्यंत मुलाच्या हातून गुन्हा घडलेला असतो. शिक्षकाने मारले तर एक कायदा, विद्यार्थ्याने भोसकले तर दुसरा. या दोहोंच्या मध्ये वर्षानुवर्षे चालणाऱ्या त्या रोजच्या, रक्त न सांडणाऱ्या छळाला कायद्याच्या पुस्तकात स्वतःचे पान नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ साली परिपत्रक काढून आपल्या शाळांना छळविरोधी समिती नेमायला सांगितले, परंतु गोव्यातील बहुसंख्य माध्यमिक शाळा गोवा मंडळाच्या आहेत.

ही पोकळी भरण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाकडून झाला. विशाखापट्टणममध्ये वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या पीठाने साऱ्या शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावे, छळ व रॅगिंगची तक्रार करण्याची गोपनीय व्यवस्था असावी, आणि गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडणे, चारचौघांत अपमान करणे शक्यतो टाळावे, असे त्यात आहे. शेवटची सूचना सहज वाचून पुढे जावी अशी नाही. ‘ढ’ तुकडी, बाकावर उभे करणे, वहीतली चूक साऱ्या वर्गाला मोठ्याने वाचून दाखवणे, हे आपल्या शाळांचे जुने शिरस्ते. एखाद्याला खाली पाहायला लावून बाकीच्यांना हसवता येते, हा धडा मुलांना प्रथम फळ्यापाशीच मिळतो. मधल्या सुटीत ती फक्त उजळणी करतात.

गोव्यात गोवा शिक्षण विकास महामंडळामार्फत शाळांना समुपदेशक पुरवण्याची योजना आहे आणि अनेक राज्यांच्या तुलनेत आपण या बाबतीत पुढे आहोत. पण एकाच समुपदेशकाकडे अनेक शाळा असतात. जो समुपदेशक आठवड्यातल्या ठरलेल्या वारी येतो, त्याच्याकडे सोमवारचे दुःख गुरुवारपर्यंत राखून ठेवावे लागते. दुसरी अडचण आपल्या आकाराची. आपल्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांचा पटच शंभराच्या खूप खाली आहे. काही ठिकाणी एकच शिक्षक सारे वर्ग सांभाळतो. न्यायालयाच्या सूचनांनुसार अशा लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडायचा आहे. तो जोडून देणे एकट्या शिक्षकाच्या आवाक्यातले नाही. ते शिक्षण खात्यानेच केंद्र वा तालुका पातळीवर करावे लागेल. तिसरी अडचण कागदावर कधीच दिसत नाही. गोवा लहान आहे. छळणाऱ्या मुलाचा मामा पंच असतो, काकी त्याच शाळेत शिकवते आणि छळल्या जाणाऱ्या मुलाचे वडील त्याच मामाच्या घरी भाड्याने राहतात. सगळे सगळ्यांना ओळखतात अशा गावात तक्रारपेटीत चिठ्ठी टाकणाऱ्याचे अक्षरसुद्धा ओळखू येते. म्हणून गोपनीयता हा आपल्यासाठी उपचार नसून मूळ गरज आहे. १०९८ या बालमदत क्रमांकाची माहिती मुलांना त्यासाठीच हवी. त्या दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला काकी नसते.

मग दयाभाव शिकवता येतो का? बडोद्यातील घटनेनंतर दहाच दिवसांनी, २ जुलै २०१८ रोजी, दिल्ली सरकारने आपल्या शाळांत नर्सरी ते आठवीपर्यंतच्या मुलांसाठी ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम सुरू केला. रोज एक तासिका, ध्यान, गोष्टी, गप्पा. उपक्रम चांगला होता आणि त्याची टर उडवणाऱ्यांत मी नाही. परंतु दयाळूपणा एका तासिकेत कोंबला की उरलेल्या सात तासिका त्यातून मोकळ्या होतात, ही भीती खरी आहे. आपल्याकडच्या मूल्यशिक्षणाचे असेच झाले. सुविचार फळ्याच्या कोपऱ्यात राहिला.

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला ‘कीवा’ हा कार्यक्रम मला त्याहून व्यवहारी वाटतो, कारण त्याचा रोख थेट बघ्यांवर आहे. साल्मिवाल्ली यांनी १९९६ सालीच दाखवून दिले होते की वर्गातल्या मुलांना वेगवेगळ्या भूमिका असतात. कुणी छळणाऱ्याला हातभार लावतो, कुणी हसून दाद देतो, कुणी दूर उभा राहतो आणि थोडीच मुले बाजू घेतात. हसणारा नसेल तर छळणाऱ्याचा अर्धा उत्साह गळतो. त्यामुळे एखादे प्रकरण समोर आले की कीवामध्ये केवळ छळणाऱ्याशी बोलून थांबत नाहीत. वर्गशिक्षक त्या वर्गातील दोन ते चार मुले निवडतात. ही मुले स्वभावाने समंजस असतातच, शिवाय वर्गात त्यांचा मान असतो. मग त्यांना विचारले जाते की या मुलासाठी तुम्हाला काय करता येईल? उत्तरे साधी असतात. डबा खाताना शेजारी बसणे, खेळात पहिल्यांदा त्याचे नाव घेणे, घरी जाताना सोबत चालणे. मोठ्यांनी हजार वेळा ‘त्याला त्रास देऊ नका’ म्हटल्याने जे होत नाही, ते कबड्डी संघाच्या कर्णधाराने त्याच्या शेजारी बसल्याने होते. साऱ्या देशभर हा कार्यक्रम २००९पासून पसरला. आपल्याकडे तो जसाच्या तसा उचलावा असे नाही. पण वर्गातला मानाचा मुलगा आणि मानाची मुलगी कोण, हे आपल्या प्रत्येक वर्गशिक्षकाला पाठ असते. तेवढे भांडवल पुरेसे आहे आणि त्याला सरकारी अनुदान लागत नाही.

शिक्षकांवर हे आणखी एक ओझे, अशी तक्रार येईल आणि ती रास्तही आहे. निवडणूक, जनगणना, मध्यान्ह आहाराचे हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरता भरता ज्याचा जीव मेटाकुटीला येतो, त्याने मुलांचे चेहरे कधी वाचायचे? उत्तर कामाची यादी कमी करण्यात आहे, आणखी एक प्रशिक्षण शिबिर भरवण्यात नाही. मधल्या सुटीत शिक्षक कर्मचारी-खोलीत चहा घेत माहिती भरत असतो, म्हणूनच मैदान आणि स्वच्छतागृहाकडची वाट मुलांच्या स्वाधीन असते.

पालकांपुरते एक सुचवावेसे वाटते. येत्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत गणवेशाच्या दर्जाचा आणि बसभाड्याचा प्रश्न विचारून झाला की आणखी तीन प्रश्न विचारा. मधल्या सुटीत स्वच्छतागृहाच्या बाजूला कोण उभे असते? मुलाला वर्गशिक्षकाला सांगता येत नसेल तर तो कुणाकडे जाऊ शकतो, त्या व्यक्तीचे नाव काय? आणि गेल्या वर्षी शाळा मध्येच सोडून गेलेल्या मुलांना, ती का गेली, हे कुणी विचारले होते का?